आठव्या बारीचा तपास

"लिही," ते म्हणाले. "सह्याद्रीच्या कड्यापासून आळेफाट्याच्या चौकापर्यंत ज्याच्या नजरेतून टाचणी सुटत नाही, ज्याच्या मेंदूला विश्रांती आणि गुन्हेगाराला झोप ठाऊक नाही, असा जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतला एकमेव खासगी गुप्तहेर म्हणजे विपुल भंवरलाल ओस्तवाल."

मी लिहिलं. यातला 'एकमेव' हा शब्द मी स्वतः तपासला आहे. तो खरा आहे.

मी खुशबू. त्यांची सहायक, अहवाल लिहिणारी आणि बायको. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण अहवालात नुसतं 'विपुल' लिहायचं असा नियम आहे. गुप्तहेराला बायको असली की त्याचा दरारा कमी होतो, असं त्यांना वाटतं. बरोबर वाटतं.

आळेफाट्याला आमचं सासऱ्यांच्या नावाचं कपड्यांचं दुकान आहे. विपुलचं कार्यालय त्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये आहे. तिथे समोरासमोर दोन आरसे असल्यामुळे संशयिताची पाठही त्याच वेळी तपासता येते, हा त्यातला फायदा. तोटा हा, की गिऱ्हाईक आलं की तपास बाहेर येऊन उभा राहतो.

त्या सोमवारी सकाळी तपास असाच बाहेर उभा होता, तेव्हा पिंपळवंडीचे गेणभाऊ आले. गेणभाऊ म्हणजे नऊ नंबरच्या चारीच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट. या चारीवर सहा शेतकरी. सोमवारी पहिला, मंगळवारी दुसरा, असं करत शनिवारी सहावा. ज्याची बारी असेल त्याला सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत पाणी. रविवारी चारी बंद.

"विपुलशेठ," गेणभाऊ म्हणाले, "आमच्याकडं चोरी व्हणार हाय."

"झाली आहे म्हणायचंय तुम्हाला."

"न्हाई. व्हणार हाय. अजून टाइम हाय तिला."

विपुलने हळूच गळ्यातली माप घ्यायची टेप काढून ठेवली. चोरीआधीच चोर पकडायला मिळणं हे त्याच्या धंद्यात कुणाच्याच वाट्याला आलं नसावं. निदान त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. चोरीनंतरही चोर पकडायला मिळाला नव्हता.

गेणभाऊंनी जे सांगितलं ते असं. माझी नणंद सिद्धी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते आणि निम्मा आठवडा घरून करते. येत्या सोमवारपासून आठ आठवडे पाणी सुटणार होतं. सगळ्यांना पुरेल का, हे आधीच बघता यावं म्हणून गेणभाऊंनीच तिला एक प्रोग्रॅम करायला सांगितला होता. त्यात सहा शेतं आहेत, चारी आहे, घड्याळ आहे. बटण दाबलं की आठ आठवडे मिनिटभरात पळतात. खेळातलंच पाणी, पण हिशोब खरा. शनिवारी सिद्धीने तो सगळ्यांना दाखवला. आठ आठवडे पळाले. पाच शेतं हिरवी झाली, प्रत्येकावर आठचा आकडा. सहावं शेत करडं पडलं. त्यावर सात.

"सहावं गोजरबाईचं," गेणभाऊ म्हणाले. "चारीच्या पार शेवटाला. बिचारीचा टमाटा हाय तिथं. आता आठवी बारी कोन खानार, त्ये तुमी शोधायचं. लोकं म्हनत्यात, गेटाचं चाक चांगदेवच्या हातात, म्हंजी चांगदेवच खानार."

चांगदेव म्हणजे पाटकरी. एकवीस वर्षं तोच चारीचं गेट उघडतो आणि बंद करतो.

"पण अजून पाणीच सुटलं नाही ना?" मी विचारलं.

"ताई, कंप्युटर खोटं बोलत न्हाई. रईवारी धाला मीटिंग हाय. तवर दुसरा कुनी घावला न्हाई, तर चांगदेवला काढायचा ठराव व्हनार."

गेणभाऊ गेले. विपुल ट्रायल रूममध्ये गेला आणि दोन्ही आरशांत गंभीर झाला.

त्याने आधी सिद्धीला बोलावलं. ती शनिवारपासून नीट जेवली नव्हती. "भैया, माझ्यामुळे त्या माणसाचं काम जाईल," ती म्हणाली. "मी सगळा कोड चारदा वाचला. मला चूक सापडत नाही."

"घटना काय आहे ते क्रमाने सांग," विपुल म्हणाला.

"घटना म्हणजे प्रत्येक बारी. ती ठरावीक काळाने पुन्हापुन्हा घडते."

विपुलने माझ्याकडे पाहिलं. "लिही. वारंवार घडणारी घटना. गुन्हेगार सराईत आहे."

"घटना मी घडवत नाही," सिद्धी म्हणाली. "त्या लायब्ररी घडवते. कधी, किती दिवसांनी, सगळं तिथेच ठरतं. प्रत्येक शेतकरी हा एक एजंट आहे, आणि..."

"एजंट!" विपुल उठून उभा राहिला. "सहाच्या सहा?"

सिद्धी पुढे सांगत होती, की एजंट म्हणजे प्रोग्रॅममधलं पात्र आणि लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, तो आपण नुसता वापरायचा असतो. पण तोवर विपुलने पायात बूट घातले होते.

मंगळवारी आम्ही वाचनालयात गेलो.

वाचनालय चालवणाऱ्या साळुबाई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. विपुलने दार आतून लावून घेतलं.

"इथे घटना ठरवल्या जातात," तो म्हणाला. "कोण ठरवतं?"

साळुबाईंनी विचार केला. "पुस्तकं दर पंधरा दिवसांनी परत करायची, हे मी ठरवते."

"दर पंधरा दिवसांनी. वारंवार." त्याने मला खूण केली. "आणि नाही केली तर?"

"काय नाय. ठेवत्यात लोकं."

विपुलने तासभर कपाटं तपासली. पाटबंधाऱ्यावरचं एक पुस्तक सात वर्षांपूर्वी कुणीतरी नेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. नेणाऱ्याचं नाव भंवरलाल ओस्तवाल. विपुलने नोंदवही मिटली आणि हा धागा आपण सोडून देत आहोत असं जाहीर केलं. साळुबाईंनी मला निम्मे वाटाणे दिले.

बुधवारी त्याने एजंटांची चौकशी केली. सहापैकी एक विम्याचा एजंट निघाला. त्याने विपुलला पॉलिसी विकली.

गुरुवारी चांगदेववर पाळत. पाळतीसाठी वेषांतर लागतं, म्हणून विपुलने दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचा कोट घातला. पाठीवर 'माप ४२' अशी चिठ्ठी तशीच राहिली. मी सांगणार होते, पण वेषांतर केल्यावर आपल्याशी बोलायचं नाही असा त्याचा हुकूम होता.

चांगदेव हा साठीकडे झुकलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. हातात खोरं घेऊन तो चारीतला गाळ काढत चालला होता. पाणी सुटायला चार दिवस होते, तरी काढत होता. ठराव झाला तर पाणी सोडायला तो असणार नव्हता, तरीही काढत होता. विपुल बांधाआडून त्याच्या मागे. मी विपुलच्या मागे. थोड्या वेळाने विपुल दिसेनासा झाला.

चारीत पाणी नव्हतं. गाळ होता. चांगदेवने मागे वळून पाहिलं, खोरं खाली ठेवलं आणि विपुलला दोन्ही बगलांत हात घालून वर काढलं.

"पावनं, कुनाकडं जायचंय?"

"पुढे," विपुल म्हणाला.

"फुडं शेवटालाच जाता येतं. गोजरबाईचं रान." त्याने रुमालाने विपुलचा चेहरा पुसला. मग मला विचारलं, "ताई, च्या घेता का?"

आम्ही बाभळीखाली चहा घेतला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही काही बोलणार का?"

"काय बोलू?" तो म्हणाला. "म्या आजवर कुनाची बारी चुकवली न्हाई. पर फुडं चुकवनार न्हाई, ह्ये दाखवायचं कसं? त्यांच्याकडं मशीन हाय." मग त्याने कप खाली ठेवला. "घरी अजून सांगितलं न्हाई मी."

परत येईपर्यंत विपुलचा कोट वाळून पत्र्यासारखा झाला होता. फाट्याच्या जवळ आल्यावर तो म्हणाला, "त्याने मला वाचवलं. का वाचवलं? संशय दूर व्हावा म्हणून." आणि थोडं चालून, खालच्या आवाजात, "पण चहा चांगला होता, खुशबू. मला तो नसावासा वाटतो."

हे वाक्य अहवालात घेऊ नकोस, असं त्याने मला सांगितलं होतं.

शुक्रवारी त्याला खरा गुन्हेगार सापडला. सिद्धी वरच्या खोलीत फोनवर पुण्यातल्या मैत्रिणीशी बोलत होती आणि विपुल जिन्यात बसून ऐकत होता. मी त्याला चहा द्यायला गेले, म्हणून मीही ऐकलं. ती म्हणाली, "अगं, सगळं डीटीवर चालतं. डीटी मोठा धरला की घटना सुटते. मी डीटी लहान धरला, तरीही तेच."

विपुलच्या हातातली बशी कपापेक्षा जास्त भरली.

"डी. टी.," तो कुजबुजला. "सगळं त्याच्यावर चालतं. मोठ्याला धरलं की घटना सुटते. तिने लहानाला धरलं, म्हणून उपयोग झाला नाही. खुशबू, चारीवर डी. टी. कोण?"

मी यादी पाहिली. चारीवरचं पहिलं शेत, सोमवारची बारी, सगळ्यांत जास्त जमीन आणि गावात सगळ्यांत जास्त मान असलेले धर्माजी तांबे.

"तिला एकदा विचारून घ्या," मी म्हटलं.

"साक्षीदाराला सावध करायचं नसतं."

रविवारी दहाला सोसायटीच्या गोदामात मीटिंग भरली. चाळीसेक माणसं होती. सिद्धीने भिंतीवर आमच्याच दुकानातली पांढरी चादर लावून त्यावर प्रोजेक्टर सोडला होता. तिचा चेहराही जवळपास त्याच रंगाचा होता. गोजरबाई पुढे पोत्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर. चांगदेव दाराशी उभा होता. बोलावण्याआधीच तो पुढे आला आणि त्याने गेटाच्या चाकाची किल्ली टेबलावर ठेवली.

"राहू दे इथं," तो म्हणाला. "ठराव नंतर करा."

"थांबा!" विपुल म्हणाला.

तो उठला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मंडळी, ही वारंवार घडणारी घटना आहे. तिच्यामागे एकच माणूस आहे. सगळं त्याच्यावर चालतं, असं माझ्या बहिणीने शुक्रवारी फोनवर कबूल केलं. तो मोठा आहे, म्हणून त्याला कोणी धरत नाही. मी धरतो." त्याने बोट रोखलं. "डी. टी.! धर्माजी तांबे!"

धर्माजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"भंवरलालचाच न्हवं तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बस खाली."

विपुल बसला. सिद्धी उभी राहिली. "काका, माफ करा. डीटी म्हणजे माणूस नाही. माझ्या प्रोग्रॅममधलं घड्याळ एका वेळी किती मिनिटांनी पुढे सरकतं, त्या आकड्याचं नाव डीटी. मोठा धरायचा म्हणजे मोठा मानायचा."

"दाव मला," धर्माजी म्हणाले. "माझ्या नावावर काय काय चाललंय त्ये बघू दे."

सिद्धीने बटण दाबलं. आजवर लोकांनी फक्त हिरवी-करडी शेतं पाहिली होती. आता चादरीवर नुसती यादी वाहू लागली. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या रानात पाणी. लोक जांभया देऊ लागले. विपुलने तपासाच्या सहा दिवसांत ही यादी एकदाही मागितली नव्हती. खरं तर कुणीच मागितली नव्हती.

"माझं वाच गं पोरी," गोजरबाई म्हणाल्या. "मला लांबचं दिसत न्हाई."

सिद्धीने त्यांच्यापुरती यादी काढली. "पहिली बारी, शनिवार सकाळी सहा."

"बराबर."

"दुसरी बारी, शनिवार दुपारी चार."

"का?"

"अं?"

"दुपारी चारला का सोडलंस? चारला तर पानी बंद व्हतंय."

"पुढचं ऐका ना मावशी. तिसरी बारी, रविवार रात्री दोन."

"आईतवारी?" गोजरबाईंनी पदर सावरला. "आगं, आईतवारी चारी बंद आसती. आन् रातच्या दोनला मला हितं टमाट्यात कोन हुबं करतंय?"

"चौथी, रविवार दुपारी बारा. पाचवी, रविवार रात्री दहा. सहावी, सोमवार..."

"सोमवार माझा हाय," धर्माजी म्हणाले.

"थांब, थांब," गोजरबाई म्हणाल्या. "पोरी, तू सात दिस कवापासनं मोजती?"

"पाणी बंद झालं की सात दिवस थांबायचं आणि मग पुन्हा सुरू."

"बंद झाल्यापासनं?"

"हो."

"आगं, सुरू झाल्यापासनं मोजायचं!" गोजरबाई पोत्यावरून अर्ध्या उठल्या. "शनवारी सकाळी सा म्हंजी फुडच्या शनवारी सकाळी सा. मदी पानी कितीबी येळ चालू दे. तू दर येळी धा तास फुडं ढकलती माझी बारी. ढकलत ढकलत शेवटची गेली आठ आठवड्यांच्या पल्याड. मानसं आठवड्याचा बाजार काय त्यो उठल्यापासनं मोजत्यात व्हय?"

सिद्धीचा हात तोंडावर गेला. ती खाली बसली आणि तिने भराभर कळा दाबल्या. त्या लायब्ररीत म्हणे दोन सोयी शेजारीशेजारी आहेत. एक, दर सात दिवसांनी घडवा. दुसरी, संपल्यावर सात दिवस थांबून घडवा. सिद्धीने दुसरी घेतली होती. सगळ्यांच्याच बाऱ्या सरकत होत्या, पण बाकीचे पाचजण आठ आठवडे संपायच्या आत कसेबसे बसत होते. शुक्रवारवाला तर दोन तासांनी वाचला होता. शेवटच्या शेताला मात्र जागा उरत नव्हती.

तिने एक शब्द बदलला. बटण दाबलं. आठ आठवडे पळाले. सहा शेतं, सहाही हिरवी, सहांवर आठ.

"झालं?" गेणभाऊंनी विचारलं.

"झालं," सिद्धी म्हणाली आणि रडायला लागली. गोजरबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली.

विपुल उठला. "माझी पद्धत हीच असते," तो म्हणाला. "आधी सगळे निरपराध वगळायचे."

"समदे वगळून झाले का?" धर्माजींनी विचारलं.

"झाले."

"मंग आता बस."

विपुल बसला. माझ्या शेजारी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "चांगदेव सुटला ना?" मी मान हलवली. त्याने मोठा श्वास सोडला आणि मग इकडेतिकडे पाहून तो श्वास अभ्यासपूर्ण वाटेल असा केला.

गेणभाऊंनी किल्ली उचलली आणि चांगदेवच्या पुढे धरली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण एवढ्या लोकांत ते जमेना. "उद्या सा वाजता," ते शेवटी म्हणाले. चांगदेवने किल्ली घेतली नाही. तो चादरीकडे बघत होता.

"ताई," त्याने सिद्धीला विचारलं, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

सिद्धीने डोळे पुसले. "म्हणजे?"

"ही सा रानं. ही चारी. ह्ये गेट. मी कुठला?"

सिद्धी खाली बघून म्हणाली, "तुम्ही नाही आहात यात काका. गेट आपोआप उघडतं. मी पाटकरी टाकलाच नव्हता."

गोदामातली चाळीस माणसं एकदम आपापल्या चपला बघू लागली. ज्याला काढण्यासाठी सगळे जमले होते, तो त्या मशीनमध्ये नव्हताच. आठवडाभर तपास चालला होता आणि तपास करणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं. विपुलने वहीत काहीतरी लिहायचं नाटक केलं.

"टाकते," सिद्धी म्हणाली. "आत्ताच टाकते."

लोक उठले नाहीत. धर्माजीही बसून राहिले. अर्धा तास नुसता कळांचा आवाज येत होता. गोजरबाईंनी पिशवीतून शेंगा काढून वाटल्या. मग चादरीवर गेटाशेजारी एक निळा ठिपका आला. सिद्धीने बटण दाबलं. सकाळचे सहा वाजले, ठिपका गेटापाशी गेला, पाणी सुटलं. तिथून तो चारीच्या कडेकडेने शेवटच्या रानापर्यंत सर्रकन गेला आणि तसाच सर्रकन परत आला.

चांगदेव चादरीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. ठिपक्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या. त्याने आधी गेणभाऊंच्या हातातली किल्ली घेतली, ती खिशात टाकली आणि मग सिद्धीकडे वळला.

"ताई, जरा हळू चालवा त्याला," तो म्हणाला. "गुडघा दुखतो माझा."